म्युनिकमधले शनिवार-रविवार: पहिल्या सेमिस्टरला निघालेल्या मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स सुरू होतंय. एक सीनियर म्हणतो, रविवारी तिथे चिटपाखरू दिसत नाही, खोलीत बसून वेड लागतं. दुसरा म्हणतो, दर वीकेंडला एक देश उरकायचा, पुन्हा अशी संधी नाही. पैसे मोजकेच आहेत, अभ्यासही जड आहे म्हणतात. मग शनिवार-रविवारचं करायचं काय?"

मी २००९ साली इथे शिकायला आले आणि राहिले. तुझ्या दोन्ही सीनियरांचे सल्ले मी आपापल्या वेळी पाळलेत, दोन्ही अंगाशी आले. पहिल्या सेमिस्टरला एकाआड एक वीकेंडला रात्रीच्या बसने प्राग, व्हिएन्ना, पॅरिस असं करत सुटले होते. फेब्रुवारीत ताप आला तेव्हा लक्षात आलं की चार देशांचे बसअड्डे मला पाठ आहेत, पण म्युनिकमध्ये औषध आणून दे म्हणावं असं एकही माणूस नाही. पुढच्या सेमिस्टरला चिडून खोलीतच बसले, तर त्याचा अभ्यासालाही उपयोग झाला नाही. तेव्हा आधीच सांगते, पहिलं वर्षभर तरी वीकेंड या शहरात आणि त्याच्या आसपास घालव, आणि त्यातला एक तुकडा दर आठवड्याला त्याच ठिकाणी, त्याच माणसांबरोबर घालव. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती बसवता येतं.

पण आधी रविवार समजून घ्यायला हवा, कारण त्याचा धक्का सगळ्यांनाच बसतो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात ती आळसापोटी नव्हे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेचं १३९ वं कलम रविवारला कामापासून विसाव्याचा दिवस म्हणून संरक्षण देतं, आणि आजच्या घटनेने १४० व्या कलमातून ते जसंच्या तसं उचललंय. बर्लिनने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून दिले होते, तर २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यालाही चाप लावला. म्युनिक ज्यात येतं ते बायर्न राज्य याबाबतीत सगळ्यांत कडक. शनिवारी रात्री आठला सुपरमार्केटचं दार बंद झालं की थेट सोमवारी सकाळी उघडणार. अडीनडीला मुख्य स्टेशनातली आणि ओस्टबानहोफ या पूर्वेकडच्या स्टेशनातली दुकानं असतात, बेकऱ्या रविवारी काही तास उघडतात, पण तिथे आठवड्याचा किराणा भरायला जाऊ नकोस, खिसा रिकामा होईल.

ईस्टरला तर शुक्रवार, रविवार आणि सोमवार असे तिन्ही दिवस बंद. मधल्या शनिवारी अख्खं शहर ट्रॉल्या घेऊन रांगेत उभं असतं. पहिल्या ईस्टरला मला हे ठाऊक नव्हतं. मी शनिवारभर झोपा काढल्या आणि पुढचे दोन दिवस भात, लोणचं आणि शेजारणीने दिलेली अर्धी कोबी यांवर काढले. म्हणून शनिवार सकाळ किराण्याची, हे आताच डोक्यात पक्कं बसव. बाटल्यांचा फांटही, म्हणजे रिकामी बाटली परत केल्यावर मिळणारी अनामत, तेव्हाच वसूल करायचा. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीचे आणि कॅनचे २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. महिनाभर साठल्या की बऱ्यापैकी पैसे होतात. फांट नसलेल्या काचेच्या बाटल्या आणि बरण्या टाकायच्या टाक्या रस्त्यावर असतात, पण रविवारी त्यात काच टाकलीस तर वरच्या खिडकीतून आजीबाई हमखास ओरडणार. ड्रिल, व्हॅक्युम हेही रविवारी नको. कुकरच्या शिट्टीवर कायदा नाही, मात्र माझा खालचा शेजारी पहिल्यांदा घाबरून वर आला होता. त्याला वरणभात खायला घातला, त्यानंतर तक्रार नाही.

आता अभ्यास. "जड आहे" हे ऐकून मुलं दोन्ही दिवस पुस्तक उघडून बसतात आणि दोन्ही दिवस फोन बघतात. साधा हिशेब कर. तुझ्या सेमिस्टरला ३० क्रेडिट्स असतील. जर्मनीत एका क्रेडिटमागे जास्तीत जास्त ३० तासांचं काम धरतात, म्हणजे वर्षाला १८०० तास. वर्षाचे ४६ आठवडे धरले तर आठवड्याला ३९ तास झाले. म्हणजे नोकरदार माणसाइतकं काम, आणि वीकेंड त्यात धरलेलाच नाही. गडबड एवढीच की हा हिशेब ऑक्टोबरपासून काम करणाऱ्याला लागू पडतो. इथे बहुतेक विषयांत मधल्या चाचण्या नसतात, शेवटच्या एका परीक्षेवर सगळा निकाल. नोव्हेंबरात कुणी विचारत नाही म्हणून मुलं निवांत राहतात आणि जानेवारीचे सगळे वीकेंड गमावून बसतात. मी शुक्रवार संध्याकाळ राखून ठेवायचे. सगळे हुंदडायला निघायचे तेव्हा मी त्या आठवड्याची गणितं संपवायचे, आणि शनिवारी सकाळी मन मोकळं असायचं. परीक्षेच्या दिवसांत खोलीत बसवेनासं झालं तर लुडविगस्ट्रासवरच्या बायरिशे स्टाट्सबिब्लिओटेक या राज्य ग्रंथालयाचा वाचनकक्ष रविवारीही उघडा असतो. जागा मिळवायला मात्र सकाळी लवकर जावं लागतं. टेबलावर पुस्तक ठेवून दोन तास कॉफीला गेलास तर ते पुस्तक बाजूला सरकवलेलं आढळेल, आणि बरोबरच आहे.

दर आठवड्याला त्याच ठिकाणी, त्याच माणसांबरोबर असं सुरुवातीला म्हटलं, ते का, हे जरा सविस्तर सांगते. इथली माणसं शनिवारी सकाळी उठून "चल, भेटू या का" असं म्हणत नाहीत. दोन-तीन आठवडे आधी डायरीत लिहितात. आपल्याला वाटतं, हे टाळतायत. टाळत नसतात. "पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला दुपारी तीनला केक खायला ये" हे इथलं मनापासूनचं आमंत्रण असतं, आणि तू तीनला पाच कमी असताना दारात असायला हवंस. अशा ठिकाणी आयत्या वेळच्या ओळखीतून मैत्री होत नाही, दर आठवड्याला तोच चेहरा दिसल्याने होते. म्हणून तर इथे गल्लोगल्ली फेराइन असतात, म्हणजे आपल्याकडची मंडळं म्हण. गाण्याचं, बुद्धिबळाचं, गिर्यारोहणाचं, अगदी मधमाश्या पाळणाऱ्यांचंसुद्धा.

विद्यार्थ्याला सगळ्यांत सोपा रस्ता म्हणजे झेडएचएस, म्युनिकच्या विद्यापीठांचं मिळून असलेलं क्रीडा केंद्र. ऑलिम्पियापार्कात आहे. सेमिस्टरच्या सुरुवातीला वर्गांची नोंदणी उघडते आणि क्लाइंबिंग, व्हॉलीबॉल, पोहणं असे लोकप्रिय वर्ग बघता बघता भरतात. तारीख आधी बघून ठेव आणि त्या क्षणी लॅपटॉपसमोर बस, तत्काळ तिकीट काढतोस तसं. मला जागा मिळाली ती फक्त रोइंगला. हातात कधी वल्हं धरलं नव्हतं, पण त्या बोटीतल्या दोघी आजही माझ्या सख्ख्या मैत्रिणी आहेत. खेळाची आवड नसेल तर विद्यापीठाचा गायनवृंद बघ, नाहीतर भाषेची जोडी लाव. कुणीतरी हिंदी शिकू बघणारा असतोच, तास त्याचा तास तुझा. जर्मन मोडकं असलं तरी चालतं. पण "आधी जर्मन येऊ दे, मग जातो" म्हणणारे दोन वर्षांनी तसेच परत गेलेले मी पाहिलेत.

मराठी मंडळ आहे, गणपती होतो, दिवाळीचा कार्यक्रम होतो. तिथे जरूर ये, ऑक्टोबरातल्या नव्या मुलांना जुना तवा, उशी, सायकल असं काही ना काही आम्हीच देतो. फक्त दर शनिवारी त्याच पाच जणांच्या खोलीवर बिर्याणी आणि क्रिकेट हा कार्यक्रम पक्का व्हायला लागला की सावध हो. मजा येते, मान्य. पण मग परदेशात आलास कशाला?

आता डोंगर. यावर जरा जास्त बोलेन, कारण म्युनिकचा खरा वीकेंड तिथेच आहे. शहर आल्प्सच्या पायथ्याच्या पठारावर आहे. दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा उबदार वारा सुटला की डोंगर इतके जवळ आल्यासारखे दिसतात की हात लांबवून शिवावेत. अर्ध्या शहराचं त्या दिवशी डोकंही दुखतं, निदान सगळे म्हणतात तरी तसं. सह्याद्रीत भटकला असशील तर तुला चढाची भीती नाही, पण इथले नियम वेगळे आहेत. पिवळ्या पाट्यांवर वाटेचा रंग असतो. निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. ही काळी म्हणजे खरोखर अवघड, अरुंद कडे आणि पडलास तर संपलं. पहिल्या वर्षी काळ्या वाटेला हात लावू नकोस, बरोबर कितीही जोरदार मित्र असले तरी. पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो आणि तो इथल्या पायांचा असतो, त्यात आणखी निम्मा वेळ मिळव. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघायचं आणि माथा दिसत असला तरी ठरलेल्या वेळी मागे फिरायचं. ऑक्टोबरच्या शेवटापासून वर बर्फ आणि डिसेंबरात साडेचारच्या आधीच सूर्यास्त, तेव्हा हिवाळ्यात तळ्याकाठच्या वाटा बऱ्या. मदत हवी असेल तर ११२. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीचा झोत, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनदा येतं. हे पाठ करून ठेव, कधी लागू नये अशी इच्छा.

बुटांवर पैसे घालव, जाकीट जुनं चालेल. जर्मन आल्पाइन क्लब १८६९ साली म्युनिकमध्येच स्थापन झाला. त्याच्या शहरातल्या शाखांत सभासदांना सामान भाड्याने मिळतं, डोंगरावरच्या झोपड्यांत स्वस्तात झोपता येतं, आणि वय २५ पर्यंत असेल तर वर्गणीही कमी.

सुरुवात कुठून? एस-८ लोकलने शेवटच्या स्टेशनाला, हेरशिंगला उतर. आमरझे तळ्याच्या काठावरून कीनटालच्या ओढ्याकाठाने जंगलातून तासाभरात आंडेक्सच्या मठापर्यंत चढता येतं. तिथले साधू स्वतः बिअर गाळतात. न पिणाऱ्यालाही गच्चीवरून दिसणारे डोंगर फुकट आहेत. नंतर टेगर्नझे, श्लीरझे, कोखेल ही तळ्याकाठची गावं. झुगश्पिट्झ, २९६२ मीटर, जर्मनीतलं सर्वोच्च शिखर, ते पहिल्याच महिन्यात रेल्वेने वर जाऊन फोटो काढून उरकू नकोस. पुढे कधीतरी पायी जा.

टेगर्नझेला जाताना एक गंमत ध्यानात ठेव. ती गाडी होल्झकिर्शनला तुटते, एक भाग बायरिशत्सेलकडे जातो. उरलेली पुढे शाफ्टलाखला पुन्हा तुटते, अर्धी टेगर्नझेला, अर्धी लेंगग्रीसला. चढताना डब्यावरची पाटी बघायची असते. मी न बघता बसले आणि गप्पांच्या नादात लेंगग्रीसला उतरले, तलाव कुठाय म्हणून स्टेशनवर शोधत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हसू दाबत डोंगराच्या पलीकडे बोट दाखवलं.

शहरातला रविवारही वाईट नाही. आल्टे पिनाकोटेक, पिनाकोटेक डेर मोडेर्न आणि ब्रांडहोर्स्ट या संग्रहालयांचं रविवारचं तिकीट एक युरो आहे. एक युरोत चित्रकार ड्युररने १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र. सगळं एका दिवसात बघायला जाऊ नकोस. मी दर खेपेस दोनच दालनं बघायचे आणि बाहेर हिरवळीवर पडायचे. दॉइचेस म्युझियम विज्ञानवाल्यांसाठी, इझार नदीतल्या बेटावर, तिथे अख्खा दिवस कमी पडतो.

उन्हाळ्यात बिअर गार्डन. नावावरून बिचकू नकोस. बायर्नची जुनी रीत अशी की पेय तिथलं घ्यायचं, खाणं घरून आणलेलं चालतं, आणि १९९९ च्या सरकारी नियमावलीत ही रीत लिहून ठेवलीय. म्हणजे चेस्टनटच्या झाडाखाली पोळी-भाजीचा डबा उघडून, शेजारी सफरचंदाच्या रसाचा सोडा घेऊन तू तासन्‌तास बसू शकतोस, कुणी उठवणार नाही. फक्त ज्या टेबलांवर कापड अंथरलेलं असतं तिथे बसायचं नाही, ती हॉटेलची. बाक लांब असतात, शेजारी अनोळखी माणसं येऊन बसतात आणि डब्यात काय आहे विचारतात. माझं निम्मं जर्मन तिथेच सुधारलं.

ऑलिम्पियापार्कातली टेकडी युद्धात पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याची बनलीय. खाली स्टेडियममध्ये मोठा कार्यक्रम असला की हजारो लोक चटया घेऊन टेकडीवर बसतात आणि गाणी फुकट ऐकतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी वेगवेगळ्या मोहल्ल्यांत होफफ्लोमार्क्ट लागतात, लोक आपापल्या अंगणात जुनं सामान मांडून बसतात. टेबल-लॅम्प, भांडी, थंडीचे कोट तिथून घे. शेवटच्या तासात किंमत निम्म्यावर येते.

एक जागा मात्र सहलीत घालू नकोस. डाखाऊचं छळछावणी स्मारक शहरापासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत आहे, प्रवेश मोफत आहे. २२ मार्च १९३३ ला सुरू झालेली ती छावणी २९ एप्रिल १९४५ पर्यंत चालू होती. घोळक्याने जाऊन संध्याकाळी पार्टी असा बेत करणारे पाहिलेत. एकटा जा, किंवा गप्प राहू शकेल अशा एकाबरोबर, आणि पुढचा दिवस मोकळा ठेव.

पैशांचं. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो मिळतात, वर्षाचे ११,९०४. म्युनिकमध्ये खोलीचं भाडं त्यातला मोठा घास खातं. दॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोंवर सुरू झालं आणि तेव्हापासून वाढत गेलंय. बायर्नमध्ये विद्यार्थ्यांना ते सवलतीत मिळतं, साधारण सगळ्या लोकल आणि रीजनल गाड्या त्यात येतात, वेगवान आयसीई येत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या डोंगरांचं भाडं आधीच भरलेलं असतं. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर सहसा आदल्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं. डिसेंबरात भारतात जाणारी निम्मी मुलं इथे फसतात. घरून कुणी आलं तर पाच जणांपर्यंत चालणारं बायर्न तिकीट आहे, त्यावर सगळ्यांची नावं लिहायची असतात. विनातिकीट पकडलास तर ६० युरो, "मी नवीन आहे" हे त्यांनी फार ऐकलंय.

शनिवारी काम करणारे बरेच असतात. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. गरज असेल तर एक दिवस कामाला दे, दोन्ही देऊ नकोस. दोन्ही दिवस गोदामात घालवणाऱ्यांचे विषय राहिलेले मी पाहिलेत, आणि राहिलेल्या सेमिस्टरचा खर्च त्या पगारापेक्षा जास्त होतो.

देश ओलांडायचाच असेल तर साल्झबुर्गपासून कर, ऑस्ट्रियात असलं तरी दॉइचलांड तिकीट तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड खरं, फोनमधला फोटो नव्हे. परतीच्या गाडीत पोलीस चढून बघतात. व्हिसा संपत आलाय आणि कार्ड अजून हातात नाही, अशा दिवसांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नकोस.

तू १ ऑक्टोबरच्या आसपास पोचशील तेव्हा ऑक्टोबरफेस्टचे शेवटचे दिवस चालू असतील. पाहायला जा, पण शनिवारी नको, मधल्या वारी दुपारी. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, तीन लिटरची मर्यादा आहे. पहिल्या शनिवारी किराणा, पहिल्या रविवारी इझारच्या काठाने शहराच्या मध्यापासून दक्षिणेकडे फ्लाउखरपर्यंत चालत जा. आणि घरी फोन करायची वेळ ठरवून टाक. रविवारी सकाळी नऊ मला सोयीचे पडायचे, तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात, जेवणाआधीची निवांत वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि तेच नऊ म्हणजे तिकडे दीड. आईला आधीच सांगून ठेव. माझी आई त्या रविवारी ताट वाढून तासभर फोनची वाट बघत बसली होती.